करंज्याच्या धक्क्यावरून चौल-रेवदंड्यास

(सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

मी व्याख्याता नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यानंतर सारे आयुष्य उरणच्या बाजारपेठेत कापड मोजण्यात गेले. गल्ल्यावर बसून माणूस ऐकायला शिकतो, बोलायला शिकत नाही. तरीही विश्वस्त मंडळाने आज्ञा केली की सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने तुम्ही केलेल्या एखाद्या प्रवासाविषयी चार शब्द सांगावेत. पालिताणा, शंखेश्वर, सम्मेतशिखर यांची यात्रा आपणांपैकी बहुतेकांनी माझ्याहून अधिक वेळा केलेली आहे. म्हणून मी आज ज्या गावी घेऊन जाणार आहे ते तीर्थ नव्हे. ते आपल्या खाडीपलीकडचे, आपल्या डोळ्यांसमोरचे आणि तरीही आपण फारसे न पाहिलेले गाव आहे. ते म्हणजे चौल-रेवदंडा.

या प्रवासाचे निमित्त माझा नातू. तो नवी मुंबईत नोकरी करतो. गेल्या दिवाळीत चोपडापूजन झाल्यावर त्याने मला सरळ प्रश्न केला, "दादाजी, हे दुकान आता कोणासाठी चालवायचे?" प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, काळजीचा होता. मला उत्तर देता आले नाही. मी एवढेच म्हटले की, "कार्तिकी पौर्णिमा होऊ दे, मग दोन दिवस माझ्याबरोबर चल. एक जुने व्यापारी गाव पाहून येऊ." अशा रीतीने मी, आमच्या सौ. आणि नातू असे तिघे निघालो.

खाडी ओलांडताना

पेण-वडखळमार्गे मोठा वळसा घालून अलिबागला मोटारीने जाता येते. परंतु आम्ही जुन्या वाटेने जायचे ठरविले. करंज्याच्या धक्क्यावरून लाँचने धरमतरची खाडी ओलांडली की समोर रेवस. सकाळची नवकारशी झाल्यावर निघालो. मागे द्रोणागिरीचा डोंगर, डावीकडे खाडीचे गढूळ पाणी आणि लाँचमध्ये मासळीच्या रिकाम्या पाट्या घेऊन परतणाऱ्या कोळी भगिनी. त्यांतल्या दोघींनी मला ओळखले आणि "शेट, आज दुकान बंद काय?" असे विचारले. नातवाला त्याची गंमत वाटली. खाडीच्या मधोमधही आजोबांचे गिऱ्हाईक भेटते, असे तो आजीला म्हणाला.

रेवसहून अलिबाग आणि तेथून दक्षिणेस नारळी-पोफळीच्या वाड्यांतून जाणारा रस्ता. वाटेत आक्षी हे गाव लागते. तेथे शिलाहारांच्या काळातील, शके ९३४ म्हणजे इ.स. १०१२ चा म्हणून ओळखला जाणारा शिलालेख आहे. मराठीतील आद्य लेखांत त्याची गणना होते. ज्या भाषेत आपण चार-पाच पिढ्या हिशेब मांडले, उधारी मागितली आणि भांडणे मिटविली, त्या भाषेचा एवढा जुना दगड आपल्या जिल्ह्यात आहे, हे पाठशाळेतील मुलांना अवश्य दाखविले पाहिजे.

दोन हजार वर्षांचे बंदर

चौलमध्ये प्रवेश करताना येथे एके काळी जगाची पेठ होती असे सांगूनही पटत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस वाड्या, मधूनच एखादे तळे, शेवाळलेल्या पायऱ्या, कौलारू घरे आणि विलक्षण शांतता. परंतु कागदपत्रांची साक्ष निराळी आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील ग्रीक लेखकांनी 'सेमिल्ला', 'सिमिल्ला' अशा नावांनी या बंदराचा उल्लेख केला आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत 'चेमुल' येथील दात्यांची नोंद आहे. म्हणजे या गावचे लोक त्या काळीही नफ्यातला वाटा धर्मकार्यास देत होते. पुढे अरब प्रवाशांनी त्याला 'सैमूर' म्हटले. त्यांतील अल-मसुदी हा दहाव्या शतकाच्या आरंभी येथे येऊन गेला.

पोर्तुगीज लेखक दुआर्ते बार्बोझा याने सोळाव्या शतकाच्या आरंभीच्या चौलचे वर्णन केले आहे. त्यात एक गोष्ट आपणां व्यापाऱ्यांना चटकन समजेल अशी आहे. एरवी हे गाव फारसे गजबजलेले नसे. परंतु डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांत समुद्रमार्गे गलबते येत, घाटावरून बैलांच्या पाठीवर माल लादून तांडे उतरत आणि बंदराबाहेर मोठी पेठ भरे. म्हणजे हंगामाचा धंदा! चार महिने विश्रांती नाही आणि आठ महिने गिऱ्हाइकाची वाट. आपणही लग्नसराई आणि दिवाळी यांवर वर्ष काढणारी माणसे. पाचशे वर्षांत फारसे काही बदललेले नाही, असे वाटून मला हसू आले.

याच बार्बोझाने गुजरातेतील वाणी लोकांविषयीही लिहिले आहे. हे लोक मांस-मासळी खात नाहीत, रात्री जेवत नाहीत, कोणताही जीव मारीत नाहीत. पकडलेली पाखरे कोणी समोर आणली तर पैसे मोजून ती सोडवितात, आणि हे ठाऊक असल्यामुळे काही लोक पैसे मिळविण्यासाठीच पाखरे धरून आणतात, असे तो आश्चर्याने नोंदवितो. बंधुभगिनींनो, त्या परदेशी माणसाने आपल्या लोकांची ओळख संपत्तीवरून किंवा पागोट्यावरून करून घेतली नाही. हे लोक काय करीत नाहीत यावरून करून घेतली. आज आपल्याला कोणी पाहिले, तर तो काय लिहील?

चौलमध्ये आम्ही रामेश्वराचे मंदिर आणि त्यासमोरील पुष्करणी बाहेरून पाहिली. या मंदिरात पर्जन्यकुंड आहे, अवर्षणात ते उघडून पावसासाठी प्रार्थना करण्याची परंपरा आहे, असे तेथील एका गृहस्थांनी आस्थेने सांगितले. जवळच दत्ताची टेकडी आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेला तेथे मोठी यात्रा भरते. यात्रेत दुकान मांडणारे काही व्यापारी आपल्या परिचयाचे आहेत.

चौलचे रेशीम

कापडाच्या व्यापाऱ्याला चौलचे नाव ठाऊक असायला हवे ते तेथील रेशमी कापडासाठी. सोळाव्या-सतराव्या शतकांत चौलचे विणकर प्रसिद्ध होते. येथे फ्रान्समधील एका प्रवाशाची आठवण होते. फ्रान्सच्या पश्चिमेस ब्रिटनी नावाचा समुद्रकाठचा प्रांत आहे. तेथील सँ-मालो या तटबंदीच्या बंदरातून १६०१ साली फ्रान्स्वा पिरार हा माणूस जहाजाने हिंदुस्थानकडे निघाला. १६०२ मध्ये मालदीवजवळ त्याचे जहाज फुटले, काही वर्षे तो तेथेच अडकून पडला आणि पुढे गोव्यास पोहोचला. मायदेशी परतल्यावर त्याने जे प्रवासवर्णन लिहिले, त्यात चौलच्या रेशमाची वाखाणणी आहे.

मी तेथे विचारपूस केली. हातमाग कोठे दिसतील? कोणी विणणारे घर उरले आहे काय? आम्हांला एकही माग दिसला नाही. मग हे विणकर गेले कोठे? याचे एक उत्तर इतिहासात मिळते. १६६८ मध्ये मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आले. तेथे कारागीर आणि व्यापारी यावेत म्हणून कंपनीने उत्तेजन दिले आणि चौलकडचे विणकर मुंबईस येऊन राहिले. त्यांच्या वस्तीची व्यवस्थाही कंपनीने केली. इकडे बंदर गाळाने भरत चालले होते, लढायांनी पेठ मोडली होती, सुरत आणि पुढे मुंबई ही बंदरे वर येत होती. गाव एका दिवसात ओस पडत नाही. आधी धाकटा मुलगा जातो, मग त्याच्या मागे आईवडील जातात, मग दुकानाची फळी एका बाजूने बंद राहते आणि शेवटी भाडेकरू येतो. चौलमध्ये हे कसे घडले असेल ते मला पुस्तकात शोधावे लागले नाही. आपल्या बाजारपेठेतून सकाळी फेरी मारली की कळते.

रेवदंड्याच्या तटात

चौलला लागूनच समुद्राच्या बाजूस रेवदंडा. १५२१ मध्ये निजामशाहाच्या अनुमतीने पोर्तुगीजांनी येथे किल्ल्याचे काम सुरू केले. त्याआधी १५०८ मध्ये चौलच्या बंदरात इजिप्त आणि गुजरात यांच्या आरमाराशी झालेल्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला होता. १५७०-७१ मध्ये मूर्तजा निजामशाहाने या शहराला महिनोन् महिने वेढा दिला, पण ते पडले नाही. अखेर चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेनंतर १७४० मध्ये पोर्तुगीजांनी हे ठाणे मराठ्यांच्या हवाली केले.

आजही रस्ता तटबंदीच्या आतूनच जातो. तटाच्या आत कोणे एके काळी चर्च, मठ, वखारी आणि हवेल्या होत्या. आता तेथे नारळाच्या बागा आहेत. माडांच्या गर्दीतून एकदम एखादी उंच भिंत समोर येते, तिच्या कमानीत वडाची मुळे उतरलेली असतात. 'सातखणी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मनोऱ्याचे काही मजले अजून उभे आहेत. ज्या वेळी हे शहर भरात होते, त्या वेळी आपले उरण-करंजेही पोर्तुगीजांच्याच अमलात होते. म्हणजे हा आपल्याच इतिहासाचा पलीकडच्या तीरावरचा भाग आहे.

मघाशी सांगितलेल्या सँ-मालोची पुढची हकिकत येथे सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात, ऑगस्ट १९४४ मध्ये, त्या तटबंदीच्या आतील गावाचा बहुतांश भाग बाँबहल्ल्यांत आणि आगीत नष्ट झाला. पण लोकांनी जुन्या घडणीप्रमाणेच गाव पुन्हा उभे केले. ते काम १९४८ पासून सुमारे १९६० पर्यंत चालले. आज तेथे जाणाऱ्याला ते शेकडो वर्षांपूर्वीचेच गाव वाटते. रेवदंड्यावर असा एका महिन्यात घाला पडला नाही, तरी ते ढासळले. दगड दोन्हीकडे होते. परत येऊन ते रचणारी माणसे एकीकडे होती, दुसरीकडे नव्हती, एवढाच माझ्या मते फरक.

एका परदेशी व्यापाऱ्याचे व्रत

रेवदंड्यातील शाळेच्या आवारात एक स्मारकस्तंभ आहे. तो अफानासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याच्या स्मरणार्थ उभारलेला आहे. रशियातील त्वेर या गावचा हा माणूस १४६९ च्या सुमारास होर्मुझहून जहाजाने चौलला उतरला. त्याच्याजवळ माल म्हणजे एकच घोडा होता! हिंदुस्थानात घोड्यांना चांगला भाव मिळतो, असे त्याने ऐकले होते. वाटेत लुटारूंनी त्याचे सारे हिरावून घेतले होते, धर्मग्रंथसुद्धा. त्यामुळे आपल्या धर्मातील सणांचे आणि उपवासांचे दिवस कोणते, हे त्याला अंदाजाने ठरवावे लागत होते. तरी त्याने उपवास सोडले नाहीत.

जुन्नरला तेथील अधिकारी खानाने त्याचा घोडा काढून घेतला. "आमचा धर्म स्वीकार, घोडाही देतो आणि वर एक हजार मोहरा देतो. नाहीतर घोडा गेला आणि हजार मोहरांचा दंड." चार दिवसांची मुदत होती. निकितिन डगमगला नाही. खुरासानच्या एका मुसलमान गृहस्थाने रदबदली केली, तेव्हा घोडा परत मिळाला. परधर्मीय माणसानेच त्याचा धर्म राखण्यास हात दिला, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. परतीच्या वाटेवर, घरी पोहोचण्यापूर्वीच त्याचे निधन झाले. मागे राहिली ती त्याची वही.

त्या स्तंभापाशी उभे राहून मी नातवाला ही हकिकत सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादाजी, मी तिथे एकटा राहतो तेव्हा चोविहार सांभाळता येत नाही. ऑफिस सुटायलाच सात वाजतात. पण चतुर्दशी कधी, हे मी मोबाइलमध्ये पाहून ठेवतो." मी त्याला उपदेश केला नाही. पंचांग हरवलेल्या माणसाने अंदाजाने का होईना, दिवस मोजीत राहणे हीसुद्धा श्रद्धाच आहे.

कोर्लई : आमची भाषा

दुसऱ्या दिवशी कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडून आम्ही कोर्लईला गेलो. डोंगराच्या सोंडेवर किल्ला. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो निजामशाहीकडून घेतला. पायथ्याला कोळी बांधवांची आणि ख्रिस्ती बांधवांची वस्ती. या ख्रिस्ती घरांत आजही एक वेगळीच बोली चालते. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिलाफातून ती सोळाव्या शतकात घडली. ते लोक तिला 'नौ लिंग' म्हणजे 'आमची भाषा' म्हणतात. बोलणारे साधारण हजारभर. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ मध्ये या बोलीवर संपूर्ण पुस्तक प्रसिद्ध केले आहे.

विचार करा. १७४० मध्ये पोर्तुगीज गेले. त्यांचे सैन्य, वखारी, श्रीमंती सारे गेले. तटाच्या आत नारळ उगवले. पण घरात आईने मुलाला घातलेली हाक पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ टिकून राहिली.

एका वयस्क ख्रिस्ती गृहस्थांनी आम्हांला अंगणात बोलावले. आम्ही संकोचलो, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी विचारले, "आपण जैन ना? मग चहा नको, शहाळे देतो." त्यांनी कोयता आमच्यासमोर धुतला आणि म्हणाले, "हा फक्त नारळाचा आहे, निर्धास्त राहा." त्या एका वाक्याने माझे मन भरून आले. मी त्यांना विचारले की, एवढी वर्षे ही बोली टिकली कशी? ते म्हणाले, "टिकवायची असे कोणी ठरविले नाही. घरात नौ लिंग, बाहेर मराठी, एवढेच. पण आता मुले मुंबईला जातात. लग्न बाहेर झाले की घरातही मराठी येते."

आमच्या सौ. लगेच म्हणाल्या, "आमच्याकडेही तसेच. घरात मारवाडी, बाजारात मराठी. नातवाला मारवाडी समजते, पण उत्तर तो मराठीत देतो." तेव्हा त्या अंगणात दोन वेगळ्या धर्मांची दोन घरे एकाच काळजीने बोलत होती.

वाऱ्याची दिशा

आता एक प्रसंग सांगतो. तो सांगावा की नाही, याचा मी बराच विचार केला. कोर्लईच्या कोळीवाड्यातून जाताना दोन्ही बाजूंना बांबूंवर बोंबील वाळत घातलेले होते. आमच्या सौभाग्यवतींनी पदर नाकाला लावला. मीही पावले झपझप टाकू लागलो. तेथे जाळे सारखे करीत बसलेल्या एका वृद्ध कोळी बाईंनी ते पाहिले. मला वाटले, आता काहीतरी टोचून बोलतील. त्या म्हणाल्या, "शेट, बाईंना वास सोसवंना. त्या वरच्या वाटेनं जा, तिकडं वारा उलटा हाय." आणि मग, "कुठलं तुम्ही?" मी उरणचा म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "माझी भाची करंज्याला दिली हाय. तिच्या लग्नाचं लुगडं उरणच्या बाजारातनंच घेतलं होतं."

ते लुगडे माझ्या दुकानातले होते की आपल्यापैकी आणखी कोणाच्या, कोण जाणे. पण त्या रात्री अलिबागला नातलगांकडे मुक्कामास असताना मला झोप लागली नाही. आपण वाणिज्याचे लोक आहोत, तर हिशेब नीट मांडू या. उरणला आपली घरे कशावर उभी राहिली? करंजा, मोरा, केगाव, नागाव, चिरनेर, जासई येथील आगरी आणि कोळी कुटुंबांच्या खरेदीवर. पावसाळ्यात मासेमारी बंद असताना आपल्या वाडवडिलांनी त्यांना उधारीवर कापड दिले हे खरे. पण नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात गेल्या की त्यांनी ती उधारी इमानाने फेडली, हेही तितकेच खरे. त्याच गल्ल्यातील पैशांतून आपण चढावे बोललो. आपल्या देरासरच्या पायऱ्यांमध्ये त्यांच्या घामाचा अंश आहे. आणि आपण त्यांच्या दारावरून नाकाला पदर लावून जातो.

माझ्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये. हिंसेची अनुमोदना आपल्याला करता येणार नाही, ती करू नये. आपला आहाराचा नियम तसूभरही ढिला करावा, असे मी म्हणत नाही. परंतु भगवंतांनी आपल्याला चार भावना सांगितल्या आहेत : मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य. त्यांत तिरस्कार ही पाचवी भावना कोठेही नाही. ज्या बाईंचा आपण मनातल्या मनात अव्हेर केला, त्यांनीच आपल्याला वाऱ्याची दिशा दाखविली. आपला नियम मोडू नये म्हणून कोयता धुणारा माणूस आणि वरची वाट दाखविणारी बाई, या दोघांनी अनेकांतवाद हा शब्द कधी ऐकला नसेल. मी मात्र तो लहानपणापासून ऐकत आलो आणि त्या दोन दिवसांत मला त्याचा अर्थ समजला.

आपल्या पन्नाशीचा हिशेब

आता पुन्हा आपल्या गावाकडे वळू. आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे झाली. या पन्नास वर्षांत उरणचे रूप पालटले. तेल आणि वायूचा प्रकल्प आला, १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. मिठागरे आणि भातशेती यांच्या जागी कंटेनरच्या भिंती उभ्या राहिल्या. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि त्याच दिवशी उरणपर्यंतच्या रेल्वेचेही. चौलचे बंदर गाळाने भरले म्हणून ते गाव सुटले. आपले बंदर तर वाढत आहे. तरीही आपली कुटुंबे पनवेल, खारघर, मुंबईला जात आहेत. म्हणजे बंदर राहिले तरी माणसे जाऊ शकतात.

मी कोणाला दोष देत नाही. आपले आजोबाही राजस्थानातील गाव सोडूनच येथे आले होते. त्यांना कोणी अडवले असते तर आज हा ट्रस्ट उभा राहिला नसता. जाणाऱ्याला आशीर्वादच द्यावेत. प्रश्न एवढाच आहे की, जो जातो तो बरोबर काय नेतो आणि मागे कोणाच्या हाती काय ठेवून जातो.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे आणि आपणां सर्वांपुढे मी तीन नम्र सूचना ठेवतो.

पहिली सूचना. ट्रस्टच्या स्थापनेपासूनच्या वह्या, पावत्या, चातुर्मासांच्या नोंदी आणि जुनी छायाचित्रे एकत्र करून त्यांची व्यवस्थित सूची करावी. निकितिनचा घोडा कोणी पाहिला नाही. त्याची वही राहिली म्हणून आज आपण त्याचे नाव घेतो. ज्या ज्येष्ठांना आरंभीचे दिवस आठवतात, त्यांच्याकडून ते लिहून घेण्यास आता उशीर करू नये.

दुसरी सूचना. बाहेरगावी स्थायिक झालेल्या कुटुंबांसाठी प्रक्षाल-पूजेची पाळी ठरवावी. वर्षातून दोन रविवार एका कुटुंबाने उरणला येऊन देरासरची सेवा करावी. आता गाडी थेट उरणला येते, त्यामुळे वेळेची सबब फारशी चालणार नाही. पाठशाळाही त्याच रविवारी भरवावी, म्हणजे येथील पाच-सात मुलांना बाहेरून आलेल्या मुलांची सोबत मिळेल.

तिसरी सूचना. सुवर्णमहोत्सवाच्या निधीतील काही भाग गावासाठी, म्हणजे आपल्या गिऱ्हाइकांच्या मुलांसाठी वेगळा ठेवावा. वह्या-पुस्तके, शिष्यवृत्ती, वैद्यकीय मदत, जे योग्य वाटेल ते करावे. हे दान म्हणून नव्हे, जुन्या हिशेबातील देणे म्हणून करावे.

आणि माझ्या दुकानाचे काय? नातवाने परतीच्या लाँचमध्ये पुन्हा विचारले. मी त्याला खरे ते सांगितले. दुकान किती वर्षे चालेल, हे मला ठाऊक नाही. कदाचित माझ्याबरोबरच त्याची फळी लागेल, कदाचित तेथे दुसरा कोणी दुसरा धंदा करील. त्याचे मला आता फार दुःख वाटत नाही. चौलचा माग बंद पडला आणि चौल तरीही गाव म्हणून नांदते आहे. मात्र देरासरचे दार सकाळी उघडणारा हात बंद पडू नये, आणि करंज्याच्या धक्क्यावर "शेट, दुकान बंद काय?" असे विचारणारे माणूस परके होऊ नये, एवढी माझी इच्छा आहे. तो म्हणाला, "माझी पाळी कोणत्या महिन्यात लावणार?" मी म्हटले, "विश्वस्त मंडळाला विचारतो." आज मी ते सर्वांसमक्ष विचारीत आहे.

 बोलण्याच्या ओघात जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास, अथवा कोणाचे मन दुखावले असल्यास, मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.